आधी साहेब शोधा, मग वाघ : जुन्या चिनी वाघकथा कशा वाचाव्यात

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका वनपरिक्षेत्र कार्यालयात मी एकतीस वर्षं कारकुनी केली. प्रत्यक्ष वाघ चारदा पाहिला, त्यातही तीनदा पाठमोरा. वाघाचे कागद मात्र किती हाताखालून गेले त्याला गणती नाही. बैल मेला की अर्ज, अर्जामागे पंचनामा, पंचांचे अंगठे, मग भरपाईचा प्रस्ताव. माझी भाची पुण्यात चिनी भाषा शिकली. मी निवृत्त झाल्यावर ती फोनवर एकेक जुनी चिनी वाघकथा सांगू लागली, तेव्हा मला त्यांत आधी वाघ दिसलाच नाही. दिसलं ते ऑफिस. नोटीस, मुदत, वॉरंट, बक्षिसाची रक्कम, साहेबाचा राग.

वाटलं, सवयीचा दोष असेल. पण पुढे भाषांतरं मिळवून वाचत गेलो आणि खात्री पटली की या कथा आहेतच तशा. चिनी वाघ राहतो डोंगरात, पण गोष्टीत शिरतो तो बहुतेक वेळा कचेरीच्या दारातून. ही खूण धरून मी वाचतो. कुणाला या कथांचा नाद लावून घ्यायचा असेल तर माझी रीत सांगतो.

एक वही करा. आडव्या पानावर पाच रकाने आखा : वाघ कुठे होता, गोष्ट कोण कुणाला सांगतंय, साहेब कोण, साहेबाने काय केलं, वाघाचं पुढे काय झालं. कथेचं तात्पर्य लिहायला रकाना ठेवू नका. ठेवलात तर तो आधी भराल आणि बाकीचे कोरे राहतील, हे मी स्वतः पहिल्या वहीत करून बसलोय.

सुरुवात लहान कथांपासून करा, आणि त्यांत दुसऱ्या रकान्याकडे नीट लक्ष द्या. कोल्ह्याची गोष्ट घ्या. वाघाने कोल्हा धरला. कोल्हा म्हणाला, मला देवाने जनावरांचा मुख्य नेमलंय. खोटं वाटत असेल तर माझ्या मागून चाल आणि बघ कोण थांबतं ते. वाघ मागून चालला. जनावरं पळाली. ती आपल्याला बघून पळाली हे काही वाघाला कळलं नाही. एवढंच सांगितलं तर ही नातवाला झोपवायची गोष्ट. पण ती ज्या ग्रंथात आहे, त्या ‘झानगुओ त्स’ म्हणजे युद्धखोर राज्यांच्या काळातल्या मसलतींच्या संग्रहात, तिच्या अलीकडे-पलीकडे चार ओळी आहेत. छू राज्याचा राजा श्वेन दरबारात विचारतो : उत्तरेकडची राज्यं आपल्या झाओ शीशू या मंत्र्याला घाबरतात म्हणे, खरं का? कुणी तोंड उघडत नाही. मग ज्यांग यी नावाचा माणूस ही गोष्ट सांगतो आणि म्हणतो, महाराज, त्यांना भीती आहे ती तुमच्या फौजेची. आता बघा. ही गोष्ट राजाला खूश करते, मंत्र्याचं वजन उतरवते आणि शिवाय राजालाच न कळणारा वाघ म्हणते. एका दगडात किती पक्षी! माझ्या नोकरीत असा टिप्पणी लिहिणारा एकच माणूस भेटला, आणि तो फार वर चढला.

म्हणून पहिला नियम : लहान कथा कधीही सुटी वाचू नका. मुलांच्या पुस्तकातली असेल तर ती मूळ कुठे, कुणापुढे सांगितली गेली ते शोधा. त्याच संग्रहात ‘तिघांनी वाघ केला’ ही कथा आहे. वेई राज्याचा राजपुत्र ओलीस म्हणून हानदानला, म्हणजे झाओ राज्याच्या राजधानीला, निघालाय, सोबत फांग त्सोंग नावाचा अधिकारी. निघताना तो राजाला विचारतो, एकाने येऊन सांगितलं बाजारात वाघ शिरलाय, तर विश्वास ठेवाल? नाही. दोघांनी सांगितलं? शंका येईल. तिघांनी? मग ठेवीन. फांग म्हणतो, बाजारात वाघ येत नाही हे उघड आहे, तरी तीन तोंडांनी तो आला. हानदान तर बाजाराहून कितीतरी लांब, आणि माझ्या पाठीमागे बोलणारे तीनाहून जास्त. राजा म्हणतो, मला कळतं. फांग परत आला तेव्हा त्याला राजाची भेट मिळाली नाही. 

आपल्याला इथे बोकडाला कुत्रा ठरवणारे तीन ठग आठवणारच. आठवू द्या, पण दोन्ही एकाच दावणीला बांधू नका. आपला ब्राह्मण बोकड टाकून देतो आणि ठग तो खातात. फसवणूक तिथे संपते. फांगच्या गोष्टीत फसवणूक गोष्ट सांगून झाल्यावर सुरू होते. गोष्ट उत्तम सांगितली, राजाने मान डोलावली, आणि उपयोग शून्य. चौथ्या रकान्यात मी लिहिलंय : ‘साहेब म्हणाले, माहीत आहे.’

यानंतर दोन कथा जोडीने वाचा. एक ‘लीजी’ या आचारग्रंथातली. कन्फ्यूशियस ताई पर्वताच्या बाजूने चाललाय. एक बाई थडग्यापाशी रडतेय. रडण्यात दुःखावर दुःख साचल्यासारखं वाटतं म्हणून तो शिष्याला विचारायला पाठवतो. ती सांगते, सासरा वाघाने नेला, मग नवरा नेला, आता मुलगा गेला. मग इथून निघून का जात नाहीस? ती म्हणते, इथे जुलमी राजवट नाही. कन्फ्यूशियस शिष्यांना म्हणतो, ध्यानात ठेवा, जुलमी राजवट वाघाहून भयंकर. ही वाचताना साहेबाचा रकाना कोरा राहतो, आणि कोरा राहतो हेच तिचं म्हणणं. साहेब पोचत नाही अशा ठिकाणी वाघ पोचतो. बाईने हिशेब करून वाघ पत्करलाय.

दुसरी ‘उत्तरकालीन हान इतिहासा’तली. ल्यू खुन नावाचा अधिकारी होंगनोंग प्रांतावर होता. तिथल्या घाटरस्त्यावर वाघांचा इतका त्रास की प्रवासी फिरकेनात. त्याने तीन वर्षं चांगला कारभार केला आणि वाघ आपली पिल्लं पाठीवर घेऊन नदीपार निघून गेले. सम्राट ग्वांगवूने त्याला बोलावून विचारलं, हे कोणत्या पुण्याईने केलंत? ल्यू खुन म्हणाला, योगायोग. दरबारी त्याच्या साधेपणाला हसले. सम्राट म्हणाला, हे खऱ्या पोक्त माणसाचं बोलणं, आणि नोंद करून ठेवायला सांगितलं. साहेब चांगला असेल तर वाघ आपणहून बदली करून घेतो, ही समजूत जुन्या चीनमध्ये पक्की होती, अशा नोंदी इतरही सापडतात. पण श्रेय नाकारणारा साहेब मला या एकाच कथेत भेटला, म्हणून तिच्यापुढे वहीत लाल शाईची खूण आहे.

मोठ्या कथांकडे जाण्याआधी नावांचं थोडं बघून घ्या. आपल्याकडे ‘वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो’ असं म्हणतात, तरी अंधार पडला की आमच्या भागातले लोक ‘जनावर’ म्हणूनच वेळ मारून नेतात. चिनी कथांतही तेच. ‘हू’ म्हणजे वाघ, पण जुन्या कादंबऱ्यांत तो ‘दाचोंग’ म्हणून येतो, शब्दशः ‘मोठा किडा’. भाषांतरात कुठे ‘मोठा किडा’ आलं तर छपाईची चूक समजू नका. कुठे ‘डोंगराचा धनी’ येईल, तोही वाघच. तांग काळात (618 ते 907) अडचण आणखी वेगळी : पहिल्या तांग सम्राटाच्या आजोबांचं नावच ‘हू’. मग वाघ हा शब्द लिहिणं म्हणजे सम्राटाच्या आजोबांना नावाने हाक मारणं. तेव्हा अधिकृत लिखाणात ‘श्वापद’ वगैरे शब्दांवर भागवत. इथेही शेवटी सरकारच आडवं आलं.

आता वू सोंग. ‘शुइहू झुआन’ ही बंडखोरांची कादंबरी, मिंग काळातली. तिच्या शंभर अध्यायांच्या प्रतीत हा तेविसावा. चीनमध्ये पोरासोरांना तोंडपाठ असलेली ही वाघाची लढाई. बहुतेक लोक ती मारामारीसाठी वाचतात. वाचा, मारामारी झकासच आहे : वाघाचे तीन डाव, आधी झेप, मग कंबरेचा झटका, मग शेपटीचा फटका, तिन्ही चुकले की त्याचा अर्धा जोर ओसरतो. वू सोंगची काठी वाळक्या झाडावर आपटून मोडते, मग तो वाघाचं मुंडकं जमिनीशी दाबून पन्नास-सत्तर ठोसे हाणतो. पण एकदा वाचून झालं की कारकुनाच्या नजरेने परत वाचा.

डोंगराखालच्या दारूच्या दुकानावर फलक : ‘तीन वाडगे प्याल तर डोंगर ओलांडणार नाही.’ वू सोंग कितीतरी जास्त पितो. लिखित प्रतीत आकडा वेगळा, लोकांच्या तोंडी अठरा. दुकानदार सांगतो, डोंगरावर वाघ आहे, सरकारी नोटीस आहे, सकाळी नऊ ते दुपारी तीन एवढ्याच वेळात लोकांनी जथ्याने जायचं. वू सोंगला वाटतं, हा मला रात्री ठेवून लुबाडणार. तो निघतो. वर पडक्या देवळाच्या दारावर शिक्क्याची नोटीस दिसते आणि तेव्हा कुठे त्याला खरं वाटतं! माणसाच्या तोंडचं खोटं, शिक्क्याचं खरं. तो परत फिरणार असतो, पण दुकानदार हसेल या लाजेने पुढे जातो. आख्ख्या चिनी साहित्यातला सगळ्यात शूर माणूस वाघासमोर उभा राहिला तो हशाच्या भीतीने. मला हा माणूस तिथेच आवडला.

वाघ मेल्यावर वू सोंगच्या हातापायांत त्राण उरत नाही. तो कसाबसा उतरू लागतो, तर गवतातून आणखी दोन वाघ उठतात. आता मेलो, म्हणतो. ते वाघ दोन पायांवर उभे राहतात : वाघाची कातडी पांघरलेले शिकारी. त्यांच्या बोलण्याकडे कान द्या. ते सांगतात, मुदतीत वाघ मारला नाही म्हणून आम्ही कचेरीत किती फटके खाल्ले त्याला सुमार नाही. म्हणजे तोपर्यंत त्या डोंगरावर शिकाऱ्यांना मार बसत होता तो वाघाचा कमी आणि कचेरीचा जास्त. वू सोंग बक्षिसाचे हजार माळा पैसे (नाणी दोरीत ओवलेली असत) याच शिकाऱ्यांना वाटून टाकतो. साहेब खूश होतो आणि त्याला पोलिसात नोकरी देतो. पुढे त्याचा जो सत्यानाश झाला त्याची सुरुवात या नेमणुकीपासून आहे, पण तो भाग वाघाचा नाही.

याच कादंबरीत ली ख्वे नावाचा बंडखोर आंधळ्या आईला पाठीवर घेऊन डोंगर चढतो, तिला तहान लागते, तो पाणी आणायला जातो आणि परत येईतो आईला वाघांनी खाल्लेलं असतं. तो चार वाघ मारतो. गाव त्याचा सत्कार करतं, दारू पाजतं, आणि हा फरारी असल्याचं ओळखल्यावर बक्षिसासाठी बांधून घालतं. आणखी पुढे श्ये आडनावाचे दोन शिकारी भाऊ तीन दिवसांच्या मुदतीत विषारी बाणाने वाघ पाडतात. वाघ गडगडत जमीनदाराच्या बागेत पडतो, जमीनदार तो स्वतःच्या नावाने कचेरीत जमा करतो आणि भाऊ तुरुंगात जातात. तीन वाघप्रकरणं, तिन्हींत बक्षीस, आणि तिन्हींत ते मिळायला हवं त्याच्या हातात राहत नाही. वही आखलेली नसती तर हे मला कधीच दिसलं नसतं.

एकच कथा वाचायला वेळ असेल तर मात्र झाओचेंगचा वाघ वाचा. लेखक पू सोंगलिंग (1640 ते 1715), शानडोंगचा, परीक्षांमध्ये वारंवार आपटलेला माणूस, म्हणजे कचेरीच्या दाराबाहेर आयुष्य काढलेला. त्याच्या ‘ल्याओझाय’ संग्रहात पाचशेच्या आसपास कथा आहेत. ही जेमतेम पान-दीड पानांची. घाई करू नका, एकेक वाक्य थांबून वाचा.

सत्तरी उलटलेली म्हातारी. एकुलता एक मुलगा वाघाने खाल्ला. ती रडत कचेरीत जाते. साहेब हसतो : वाघाला कायदा कसा लावायचा? ती आणखी रडते. साहेब दरडावतो, ती भीत नाही. वय बघून त्याला मारता येत नाही. बरं, पकडतो वाघ, म्हणतो. ती हलत नाही. वॉरंट निघेपर्यंत मी इथून उठणार नाही. (अशी एक आजी प्रत्येक ऑफिसात येतेच. तिला ‘बघतो’ आणि ‘आवक नंबर पडला’ यातला फरक पक्का ठाऊक असतो.) साहेब विचारतो, कोण जाईल? ली नंग नावाचा शिपाई प्यालेला असतो. तो म्हणतो, मला जमतं. इथे भाची हसली म्हणून मला कळलं : ‘नंग’ म्हणजेच ‘जमणे’. जमणारे साहेब म्हणाले, जमतं.

नशा उतरल्यावर त्याला वाटतं, म्हातारीला घालवायचा तो देखावा होता. वॉरंट परत करायला जातो, साहेब भडकतो : तूच म्हणालास ना? मग शिकारी गोळा करा, दऱ्यांत दबा धरा, कुठला का होईना एक वाघ मिळाला तर फाईल बंद. महिना उलटतो, वाघ नाही, शेकडो फटके मात्र पाठीवर. शेवटी तो देवळात जाऊन हंबरडा फोडतो. तेवढ्यात बाहेरून वाघ येतो आणि दारात बसतो. शिपाई म्हणतो, तो मुलगा तूच मारला असशील तर गुपचूप बांधून घे. वाघ कान पाडून बांधून घेतो.

कचेरीत साहेब विचारतो, तू खाल्लंस? वाघ मान हलवतो. खुनाला मृत्यू हा जुना कायदा, पण हिचा एकच मुलगा होता. तू मुलासारखं सांभाळशील तर सोडतो. वाघ पुन्हा मान हलवतो. म्हातारी चिडते, वाघ सोडला म्हणून. दुसऱ्या दिवशी पहाटे दार उघडते तर मेलेलं हरीण. मांस आणि कातडं विकून तिचं घर चालतं. मग रोजचंच होतं. कधी अंगणात सोनं, रेशीम. कधी वाघ दिवसभर वळचणीखाली पडून राहतो. मुलापेक्षा वाघाने जास्त सांभाळलं असं पू सोंगलिंग सरळ लिहून टाकतो. ती मेल्यावर भाऊबंद पुरतात, वाघ धावत येतो, माणसं पळतात, तो थडग्यापाशी गर्जना करतो आणि निघून जातो. गावाने पूर्वेच्या वेशीबाहेर ‘सज्जन वाघा’चं देऊळ बांधलं.

वाघोबाचं देऊळ आपल्याला नवं नाही. फरक एवढाच की आपला वाघोबा भीतीपोटी देव झाला, आणि हा वाघ भरपाई पूर्ण अदा केली म्हणून. प्रस्ताव मंजूर होऊन रक्कम वारसाच्या दारात रोज पोचती होते, मध्ये एकही टेबल नाही. मी ही कथा आमच्या पेन्शनरांच्या कट्ट्यावर वाचून दाखवली तेव्हा वाघ बोलतो का, सोनं कुठून आणतो, हे कुणी विचारलं नाही. एकाने विचारलं, ‘शिपायाच्या फटक्यांचं काय झालं जी?’ त्याचं काहीच झालं नाही. चौथ्या रकान्यात तेही लिहा.

पू सोंगलिंगची दुसरी कथा, ‘लांडग्यांचं स्वप्न’, हिच्या पाठोपाठ घ्या, नाहीतर साहेबांविषयी फार बरं मत होईल. एक म्हातारा बाप स्वप्नात आपल्या अधिकारी मुलाच्या कचेरीत जातो, तर आत-बाहेर लांडगे आणि हाडांचे ढीग. तेवढ्यात सोनेरी चिलखत घातलेले दोघे येतात आणि मुलगा जमिनीवर पडून वाघ होतो. एक म्हणतो मुंडकं उडवू, दुसरा म्हणतो ते पुढच्या वर्षी, आत्ता दात पाडू. मागून कळतं, त्याच सुमारास मुलगा दारू पिऊन घोड्यावरून पडला आणि त्याचे दात गेले. कथेखाली लेखकाची टीप : साहेब वाघ आणि कारकून लांडगे, असं जगात जागोजागी आहे. मला ती टीप लागली, नाही म्हणत नाही.

माणसाचा वाघ होण्याच्या कथा हवेत तर तांग काळात चला. त्यासाठी ‘ताइपिंग ग्वांगजी’ हा 978 साली पुरा झालेला पाचशे खंडांचा संग्रह आहे. त्याचे 426 ते 433 हे आठ खंड निव्वळ वाघांचे. त्यांतली ली झेंगची कथा जरूर वाचा. हुशार, परीक्षा पास, पण बरोबरच्यांना तुच्छ लेखणारा. एका रात्री वेड्यासारखा पळत सुटतो आणि वाघ होतो. पुढे त्याचा जुना मित्र मोठा अधिकारी होऊन त्या वाटेने येतो, वाघ झेपावतो आणि ओळख पटताच गवतात दडतो. मग गवतातून नुसता आवाज. तो मित्राला दोन गोष्टी सोपवतो : बायकामुलांकडे बघ, आणि माझं लिखाण उतरवून घे. ही कथा रात्री मोठ्याने वाचा, आणि वाघाचं बोलणं वाचताना मान खाली ठेवा, ऐकणाऱ्याला चेहरा दिसता कामा नये.

त्याच खंडांत ‘छांग’ भेटतील. वाघाने खाल्लेल्या माणसाचं भूत, जे पुढे वाघाच्याच तैनातीत राहतं, सापळे आधी उडवून त्याची वाट मोकळी करतं. मा झेंगच्या कथेत वाघ मारला जातो तेव्हा हीच भुतं रडतात, आमचा सेनापती मारला म्हणून. मा झेंग ओरडतो, अरे, तुम्हाला त्यानेच खाल्लं ना! छांगांना तिसऱ्या रकान्यात घालायचं की पाचव्या, यावर माझं आणि भाचीचं अजून जमलेलं नाही.

काही कथा रकान्यांत बसणार नाहीत, त्या ओढूनताणून बसवू नका. तांग काळातला लेखक ल्यू झोंगयुआन याची ग्वेझोऊच्या गाढवाची कथा तशी आहे; गाढव कधी न पाहिलेला वाघ आधी घाबरतो, मग लाथेपलीकडे याला काही येत नाही हे ताडतो आणि खातो. साहेब कुठेच नाही. नाही तर नाही.

आणि सेनापती ली ग्वांग. शिकारीला गेला असता गवतात वाघ दिसला, बाण मारला, जवळ जाऊन बघतो तर दगड, आणि बाणाचं टोक दगडात रुतलेलं. मग पुन्हा पुन्हा मारून पाहिलं, बाण काही शिरेना. एवढीच गोष्ट सगळीकडे सांगतात. तुम्ही मात्र ‘शीजी’ या इतिहासातलं त्याचं चरित्र शेवटपर्यंत वाचा. साठी ओलांडलेल्या या माणसाची फौज मोहिमेत वाट चुकते, चौकशी लागते, आणि तो म्हणतो, या वयात मला कारकुनांच्या प्रश्नांना तोंड देणं होणार नाही. मग तलवार काढून स्वतःचा गळा चिरतो. वाघाच्या रकान्यात मी ‘दगड’ लिहिलं. साहेबाच्या रकान्यात ‘कारकून’ लिहिलं आणि त्या दिवशी पुढचं पान उघडलं नाही.